शेवटच्या फेरीची घंटा

पोस्टातल्या बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्या रेषेवरून गेल्या आणि पाटीकाकांनी खटकन पाटी उलटली. तीन. तीन फेऱ्या बाकी. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना स्वतःची बायको दिसली.

ती पाचवी होती! शेवटून नाही, पुढून. गुडघ्याला पट्टा, केस सुटलेले, तोंडभर हसू. सकाळी ती म्हणाली होती, "सगळं गाव तुमच्या पाटीसमोरून पळून झालं. आता मीही पळते. बघते तरी, एवढं काय आहे तिथे." काकांना वाटलं होतं, दुसऱ्याच फेरीत कठड्याला टेकून पाणी मागेल. आणि ही तर दवाखान्यातल्या नर्सबाईंना मागे टाकून येत होती.

"शाब्बास! अगं, शाब्बास!" काका ओरडले. हाताखालची पाटी खटकन वाजली.

क्लबच्या प्रत्येक लांब शर्यतीत फेऱ्या काकांनीच मोजल्या होत्या. त्यांची नोकरी संपली, दात गेले, मैदानावर मातीच्या जागी लाल रबर आलं. पाटी मात्र त्यांच्याकडेच राहिली. पळणाऱ्याने फक्त पळायचं, मोजायला काका आहेत, असं नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत. पुढच्या मोसमापासून विजेवर चालणारी पाटी येणार होती. पन्नाशीपुढच्या बायकांची ही शर्यत काकांची शेवटची. ती संपली की सत्कार होता, आणि भाषणात 'बिनचूक' हा शब्द येणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं. सकाळपासून तो शब्द त्यांच्या कानात वाजत होता.

पोस्टातल्या बाई पुन्हा आल्या. काकांनी पाटी उलटली. एक! पितळी घंटा त्यांनी जीव खाऊन वाजवली. बाई सुसाट सुटल्या, मागच्या तिघीही. बसलेले लोक उठून उभे राहिले.

बायको आली. तिचा वेग तोच.

"काकू, घंटा झाली! पळा!" लोक ओरडले.

तिने घंटेकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि दोन बोटं वर केली. जिंकल्याची खूण! काकांची छाती फुगली. काय रुबाब आहे बाईचा!

फेरी संपली. पोस्टातल्या बाईंनी रेषा ओलांडली आणि बाजूच्या गवतावर अंग टाकलं. मागच्या तिघी कमरेवर हात ठेवून धापा टाकत राहिल्या. मुख्य पंच धावतच काकांकडे आले. लहानपणी तेही याच पाटीसमोरून पळाले होते.

"काका, जमलं! शेवटपर्यंत बिनचूक! चला, माइक तयार आहे." मग ते हसले. "काकूंना तेवढं थांबवतो. घंटा झाली तरी फिरायला निघाल्यासारख्या येतायत."

काका वळले. बायको शेवटच्या वळणावर होती. दम राखून, एका लयीत, जणू अजून पुष्कळ पळायचंय.

दोन बोटं.

जिंकल्याच्या खुणा वगैरे ती कधीच करत नाही. घरी ती बोटं दाखवते ती काकांची चूक काढायला. दुधाच्या दोन पिशव्या सांगितल्या होत्या, एकच आणलीत.

पाटी उलटायची ती फक्त सगळ्यात पुढच्यासाठी. मागून कुणीही येवो, हात हलवायचा नाही. हा नियम काकांनी बायकोला जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर ऐकवला होता. आज पोस्टातल्या बाईंसाठी त्यांनी तीन केले होते. आणि मग, बायको दिसल्यावर, दोन.

एक फेरी अजून बाकी होती.

कुणालाच कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं, काकांची पाटी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गप्प बसलं की झालं. बायकोला थांबवतील, हसतील, काकूंना घंटासुद्धा कळत नाही म्हणून महिनाभर चिडवतील. 'बिनचूक' शाबूत राहील.

पंच हात आडवे पसरून रेषेकडे निघाले. "काकू, थांबा! संपली शर्यत!"

"थांबवू नका तिला!" काका एवढ्या जोरात ओरडले की माइकवाला दचकला. "मी चुकलो! एक फेरी बाकी आहे! उठा, पळा सगळ्याजणी!"

पंच जागच्या जागी थिजले. पोस्टातल्या बाई धडपडत उठल्या. "अहो काका, हे आत्ता सांगताय?"

तेवढ्यात बायको रेषेवर पोचली. तिच्यापुढे पळणारं कुणीच नव्हतं. काकांनी घंटेला हात घातला आणि ते तिच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? वाजवा!" ती पळता पळताच म्हणाली. "आता मी खरंच पहिली आहे!"