यादीत नसलेला अल्बम

सुयोगने वर्षातले आपले दहा आवडते अल्बम इन्स्टाग्रामवर टाकले. सगळे कसे वजनदार, चारचौघांनी नावही न ऐकलेल्या बँडचे. पाच मिनिटांत खाली कुणा निनावी माणसाची कमेंट आली, ‘थापा मारू नकोस. वर्षभर रोज ऐकलास, तो यात नाहीच.’ पुढे त्या अल्बमचं नाव होतं. प्रेमभंगाची सरळसोट पॉप गाणी.

सुयोग चरकला. तो अल्बम त्याने कधी कुणासमोर लावलाच नव्हता. ऑफिसमधून आल्यावर, कात्रपच्या फ्लॅटचं दार आतून लावून, एकट्याने ऐकला होता. मग हे कळलं कुणाला? त्याच्या फोनला हात लावणारा एकच, त्याचा मित्र महेश. सुयोगने त्याला तडक फोन करून फैलावर घेतलं.

“आयशप्पत, मी नाय!” महेश म्हणाला. शपथ इतकी झटकन घेतली, की सुयोगचा संशय आणखीच बळावला. त्याने पासवर्ड बदलला, महेशला ब्लॉक केलं आणि त्या कमेंटखाली लिहिलं, ‘हिंमत असेल तर समोर ये.’

मिनिटभरात दारावरची बेल वाजली. शेजारच्या सुनंदाकाकू उभ्या होत्या, हातात फोन घेऊन.

“भिंतीला धरला की हा गाण्याचं नाव सांगतो,” त्या म्हणाल्या. “पातळ आहे रे आपली भिंत.”

सुयोग ओशाळला. “सॉरी काकू. आवाज कमी करत जाईन.”

“कमी नको, वाढव,” काकू म्हणाल्या. “तुझं रडणं ऐकू येतं.”