जादा वेळ

कुंदाने सासऱ्यांच्या अंगावर आणखी एक ओली चादर घातली. ती बघता बघता वाळली. टीव्हीवर, भर मे महिन्यात, प्रेक्षक शाली पांघरून सामना बघत होते. स्टेडियममधली उष्णता मोठाल्या नळांतून कुंदाच्या वस्तीवर सोडली जात होती. विश्वचषकाचं यजमानपद मिळवताना सरकारने तसा करार केला होता. सामना संपेपर्यंत वस्तीबाहेरचा रस्ताही बंद होता.

"मामंजी, थोडंच राहिलंय," ती म्हणाली. "आपण एका गोलने मागे आहोत. हरलो की सुटलो."

म्हाताऱ्याने डोळे उघडले नाहीत.

तेवढ्यात आपल्या संघाने बरोबरी साधली. अख्खी वस्ती ओरडली, कुंदाही ओरडली. मग समालोचकाने जादा वेळ खेळवणार असल्याचं सांगितलं आणि गल्ली एकदम गप्प झाली.

कुंदाने मामंजींना पाठीवर घेतलं आणि नाक्यावरचं बॅरिकेड गाठलं.

"ताई, सामना संपल्याशिवाय सोडता येत नाही," पोलीस म्हणाला.

"यांना हात लावून बघा."

त्याने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याने बॅरिकेड सरकवलं.

पलीकडच्या गार वाऱ्यात मामंजी कण्हले. कुंदाने मागे पाहिलं. म्हातारीकोतारी माणसं पाठीवर घेऊन सगळी वस्ती येत होती, आणि पोलीस वरिष्ठांना फोन लावत होता.