सेटवरचा आवाज

१९७९ साली तीन दिवसांत थिएटरातून उतरलेला तो मराठी अंतराळपट आमच्या फिल्म क्लबनं काल कोथरूडला पुन्हा दाखवला. पत्र्याचं रॉकेट, पत्र्याचा यंत्रमानव. तेव्हा लोक फिदीफिदी हसले होते. पहिल्या रांगेत नायक आप्पासाहेब बसले होते आणि त्यांच्या मागे सुगराबी, यंत्रमानवाच्या पत्र्यात शिरून काम करणाऱ्या अमीनची बायको. अमीन सेटवरच गेला. "उष्माघात," असं आप्पासाहेबांनी तेव्हा तिला सांगितलं होतं.

शेवटच्या मारामारीत पडद्यावरचे आप्पासाहेब पहारीनं यंत्रमानवाला बडवू लागले. पत्रा चेपत गेला, सांध्यांतून लाल काहीतरी ठिबकायला लागलं. "काय खरं वाटतंय!" म्हणत लोकांनी शिट्ट्या मारल्या.

खुर्चीतले आप्पासाहेब मात्र माझ्यावर खेकसले, "अहो, इथलं संगीत कुठं गेलं?"

"स्टुडिओत नंतर भरलेला आवाज या शेवटच्या रिळावर खराब झालाय. म्हणून शूटिंगच्या वेळी सेटवर टेप केलेला लावलाय."

तेवढ्यात पत्र्याच्या आतून अमीन ओरडला, "आप्पासाहेब, थांबा! ही लाकडाची नाही, खरी पहार आहे!"



"माहीत आहे," पडद्यावरचे आप्पासाहेब म्हणाले.