तोंड उघडा

"तोंड उघडा," मी रोज संध्याकाळी दारातच म्हणायचे आणि यांचं तोंड हुंगायचे. हे शाळेची बस चालवतात. चार वर्षं यांचा चेहरा मधूनच लालबुंद व्हायचा. वास यायचा तो फक्त वेलदोड्याचा. पोटासाठी चघळतो, असं हे म्हणायचे. मी म्हणायचे, लपवायला. शेवटी शाळेनंही बसची किल्ली काढून घेतली.

दारू सोडवायचं औषध मागायला मीच यांना दिघे डॉक्टरांकडे ओढत नेलं. तिथंच चेहरा लाल झाला. डॉक्टरबाईंनी तोंड हुंगलं नाही. विचारलं, "असं होतं तेव्हा जुलाबही होतात?"

"होतात की. पिणाऱ्याचं पोट कुठं धड असतं?" मीच ठसक्यात उत्तर दिलं.

त्यांनी लघवी तपासली, स्कॅन काढला. लहान आतड्यात शेंगदाण्याएवढी गाठ निघाली, लाखात एखाद्याला होणारा कॅन्सर. चेहरा लाल करणारं आणि जुलाब लावणारं रसायन तीच रक्तात सोडत होती. यकृतावरही तिचा एक ठिपका होता. ऑपरेशनमध्ये दोन्ही काढलं.

परवा वर्ष झालं. स्कॅन स्वच्छ आला. शाळेच्या मैदानात मुख्याध्यापकांनी यांना किल्ली परत दिली, तेव्हा मी माईक ओढून घेतला. "हा माणूस कधीच प्यायला नाही. चुकलं माझं."

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि यांचा चेहरा लालबुंद झाला.

मी माईकवरच ओरडले, "डॉक्टर, बघा हो!"

पहिल्या रांगेतून दिघे डॉक्टर हसत म्हणाल्या, "अहो, लाजलेत ते. याला माझ्याकडे औषध नाही."