चमचाभर विरजण

"आई, अजून एक गाजर!" पिंकीने हात पुढे केला आणि रेश्मा धन्य झाली.

शेपू म्हटलं की नाक मुरडणारी पोर ती. आज तीच गाजर-काकडीच्या फोडी डिपमध्ये बुडवून बोटं चाटत होती. रेश्माने मोबाइलवर बघून हा घाट घातला होता. सकाळीच दही फडक्यात बांधून टांगलं. घट्ट चक्का झाल्यावर त्यात शेपू, पुदिना, लसूण, मीठ घालून मऊसूत घोटलं. खाली गळलेलं पाणीसुद्धा वाया घालवलं नाही, त्यात कणीक मळून टाकली.

दिवेलागणीला तिचे सासरे, सयाजीमामा, कोमट दुधाचं पातेलं घेऊन फ्रीजपाशी आले. जुळे सोलापूरच्या त्या फ्लॅटमध्ये दही लावायचं काम त्यांचंच. दुसऱ्या कुणाला ते त्यात हात घालू देत नसत.

"पोरी, दह्याचं भांडं कुटं हाय?"

भांडं घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं.

ते विरजण सासूबाईंचं, गोजरबाईंचं होतं. अकलूजहून बिऱ्हाड हलवलं तेव्हा एसटीत त्यांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. दोन वर्षांमागे त्या गेल्या. त्यांच्या साड्या वाटून झाल्या, चष्मा कुठेतरी हरवला. दही मात्र रोज लागत राहिलं. रोज चमचाभर मागे ठेवायचं, एवढंच काय ते काम. ते रेश्माच्या हाताला कधी लागलंच नव्हतं, आणि आज ध्यानातही आलं नाही.

"मामा, मी... सगळंच टांगलं."

सयाजीमामा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते पातेलं ठेवून पिंकीशेजारी बसले. पिंकीने डिप लावलेली काकडी त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी ती कितीतरी वेळ चावली.

"तिचं दही लई ग्वाड असायचं," ते म्हणाले, आणि टोपीने डोळे पुसले.

रेश्माने वाटी उचलली आणि समोरच्या वच्छलाकाकूंचं दार वाजवलं. गेल्या आठवड्यात याच वेळेला काकू विरजण मागायला आल्या होत्या आणि तिने चमचाभर दिलं होतं. त्यावरून मामांनी घर डोक्यावर घेतलं. दिवं लागल्यावर घरचं विरजण भाईर देत्यात व्हय? जिन्यात उभ्या काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यानंतर त्या फिरकल्या नव्हत्या.

दार उघडलं.

"काकू, त्या दिवशीचं दही... लावताय का अजून?"

काकूंनी रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग तिच्या मागे. सयाजीमामा आपल्या दारात येऊन उभे होते, मान खाली घालून.

"वच्छलाबाई, दिवं लागल्यात," ते कसेबसे बोलले. "सकाळी दिलं तरी चालंल."

काकू वाटी घेऊन आत गेल्या. काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काठोकाठ भरलेली वाटी होती, पदराखाली झाकलेली.

"मी कुटं भाईर देतीया?" काकू म्हणाल्या. "गोजराक्का आपल्या घरला निगाल्यात."