कॉलरचं टोक

काज-बटण करणाऱ्या मावशींच्या टेबलावर पंधरा दिवसांत एकही नवा शर्ट आला नव्हता. कॉलर शिवणाऱ्या चौघींकडे कागदपत्रं नव्हती, म्हणून पोलिसांनी त्यांना पकडून मायदेशी धाडलं; त्यांच्यातल्या थोरलीच्या मशीनवर मावशींची लेक बसली. पण कॉलर उलटवताना ती कात्रीने टोक ढोसायची आणि कापड फाटायचं. "कॉलरच नाही, तर बटणं काय माझ्या डोक्यावर लावणार?" कारखान्याचा मालक वैतागला, मग त्याचा आवाज उतरला. "उद्यापासून कुणीच येऊ नका." बायका डबे उचलून निघाल्या. मावशींनी मात्र पंधरा दिवस हात न लावलेला, थोरलीने शिवलेला शेवटचा शर्ट मांडीवर घेतला. कॉलरची टोकं कशी रेखीव! "मावशी, सावकाश," शर्ट देताना थोरली रोज म्हणायची. "आई, त्यांची चुगली कुणी केली असेल गं?" लेकीने विचारलं. मावशींनी दोरा दातांनी तोडला. "तुला नोकरी हवी होती ना?"