उबवायला बसलेला कर्नल
गॅसवाटप हाती असलेला कर्नल गावच्या सिलिंडरांवर कोंबडीसारखा उबवायला बसलाय, असं चित्र चित्रकथाकार विल्मेरनं नेटवर टाकलं आणि सकाळी पोलिसांनी त्याला उचललं. अरेपाच्या, म्हणजे मक्याच्या भाकरीच्या, पिठानं माखलेल्या हातांनीच त्याची आई एग्लेकडे धावली. स्वतंत्र चित्रकथाकारांचा ब्लॉकचेनवरचा कट्टा एग्लेनंच उभारला होता. “पोरी, कर्नल म्हणतो, चित्र पुसा, पोरगा न्या. पूस की!” कट्ट्याच्या पानावरून एग्लेनं ते केव्हाच पुसलं होतं; पण साखळीतली मूळ नोंद शेकडो यंत्रांवर शाबूत होती आणि कर्नलचा कारकून ती उघडून दाखवत होता. “माझ्या हातात नाही, मावशी.” “एवढी शिकलीस आणि एक कोंबडी पुसता येत नाही? मालक कोण? त्याच्या पाया पडते!” “मालकच नाही. म्हणून तर...” एग्लेची नजर भिंतीकडे गेली. आईनं भिंतीवरची, विल्मेरनंच हौसेनं रंगवलेली पाटी अक्षर अक्षर लावत वाचली: “इथलं चित्र कुणाचा बापही पुसू शकत नाही.”